कोचीच्या वखारी बघायला बेळगावहून कसं जायचं

निपाणीत वखार म्हटलं की तंबाखूच. मी त्या वासात वाढले. मामानं तीसेक वर्षं तिथल्या एका वखारीत काटा सांभाळला. संध्याकाळी तो घरी आला की आधी ठसका यायचा, मग मामा दिसायचा.

आमच्याकडून, म्हणजे बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातून, केरळला जाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. मुन्नार, थेक्कडी, अलेप्पीची हाउसबोट, आणि परतीची गाडी पकडायच्या आधी कोचीत चार तास. त्यात चिनी जाळ्यांसमोर फोटो, एक चर्च, ज्यू टाऊनमध्ये शंभर ग्रॅम वेलदोडे, झालं. पहिल्यांदा मीही तेच केलं होतं. दुसऱ्यांदा नवरा आणि मामा बरोबर होते आणि आम्ही चार दिवस कोची सोडून कुठेच गेलो नाही. बोटीतून कोचीच्या मट्टांचेरी भागाचा किनारा दिसला तेव्हा मामा बाकावरून उठला. म्हणाला, "अगं, ह्या तर वखारीच की सगळ्या!"

हा लेख त्या चार दिवसांवरून लिहिला आहे. मुन्नारला जायचं तर जरूर जा, पण कोचीचे दिवस वेगळे काढा.

निघायच्या आधी एवढं डोक्यात ठेवा

कोचीचं बंदर जुनं, पण त्याच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल होड्यांनी आत-बाहेर व्हायचा. त्यामुळे फोर्ट कोचीपासून मट्टांचेरीपर्यंत पाण्याला चिकटून वखारींची रांगच्या रांग उभी राहिली. मागचं दार पाण्यावर, पुढचं रस्त्यावर. होडी मागून लागायची, बैलगाडी पुढून. मिरं, सुंठ, हळद, खोबरेल, काथ्या, सगळं या दोन दारांमधून गेलं.

१९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनीअर इथे आला. त्यानं तो वाळूचा दांडा कापून काढला आणि तळातून उपसलेल्या गाळाचंच एक बेट केलं. ते विलिंग्डन बेट. १९२८ पासून मोठी जहाजं आत येऊ लागली, मग धक्के, रेल्वे, कस्टम सगळं हळूहळू बेटावर गेलं. पुढे कंटेनर आले आणि २०११ मध्ये पलीकडे वल्लारपाडमला कंटेनरचं मोठं टर्मिनल सुरू झालं. गल्लीएवढ्या बाजार रोडवरच्या वखारीत कंटेनर कसा घालणार? वखारी एकेक करून रिकाम्या पडत गेल्या.

त्या रिकाम्या जागांत चित्रं शिरली. बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोन मल्याळी चित्रकार, दोघंही मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. त्यांनी १२ डिसेंबर २०१२ ला, म्हणजे बारा-बारा-बाराचा मुहूर्त साधून, कोची-मुझिरिस बिएनाले सुरू केलं. बिएनाले म्हणजे दोन वर्षांतून एकदा भरणारं कलेचं मोठं प्रदर्शन. मुझिरिस हे इथलंच पुरातन बंदर. १३४१ च्या पेरियार नदीच्या पुरात ते गाळानं बुजलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं असं मानतात. एक बंदर बुडालं म्हणून दुसरं वर आलं आणि त्या दुसऱ्याच्या वखारी ओस पडल्या म्हणून चित्रांना भिंती मिळाल्या. हा धागा हाताशी असला की गावातून फिरताना प्रत्येक दार काहीतरी सांगतं. नसला तर नुसतीच पडकी घरं दिसतात.

आधी वार ठरवा, तारीख मग

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मी पहिल्यांदा शुक्रवारी पोचले. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार असतो. रविवारी घाऊक बाजाराची शटरं खाली. म्हणजे शुक्र-शनि-रवि जोडून सुट्टी काढलीत, तर मट्टांचेरीचा निम्मा भाग कुलपं बघण्यात जातो. सोमवार ते गुरुवार यातला निदान दीड दिवस मट्टांचेरीला ठेवा. फोर्ट कोची शनिवार-रविवारी बघितलं तरी चालतं, गर्दी तेवढी सोसावी लागते.

महिना कुठला? डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून घामाच्या धारा, जूनमध्ये नैऋत्य मोसमी पाऊस. बिएनालेही साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल असंच भरतं. सहावी आवृत्ती १२ डिसेंबर २०२५ ला सुरू होऊन ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. तिची मांडणी निखिल चोप्रा आणि गोव्याच्या एचएच आर्ट स्पेसेस या गटानं केली होती, म्हणजे आपल्या शेजारच्याच मंडळींनी. बिएनालेसाठीच जात असाल तर उद्घाटनाच्या आठवड्याचं तिकीट काढू नका. २०२२ ला १२ डिसेंबरचं उद्घाटन आयत्या वेळी २३ डिसेंबरवर गेलं होतं आणि बाहेरगावाहून आलेले लोक बंद दारांसमोर उभे होते. जानेवारीच्या मध्यानंतर जा. सगळं नीट लागलेलं असतं, गर्दीही ओसरलेली असते.

३१ डिसेंबरला मात्र जाऊ नका असं मी स्पष्टच सांगेन. त्या रात्री फोर्ट कोचीत पप्पांजी नावाचा म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण गर्दी अशी की म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असेल तर जीव मुठीत धरावा लागतो.

आणि बिएनालेचं वर्ष नसलं तर? तरीही जा. मी तर म्हणेन, पहिल्या खेपेला बिनबिएनालेच्याच वर्षी जा. वखारी जागेवरच असतात, बाजार चालू असतो, छोट्या गॅलऱ्या उघड्या असतात, आणि रांगा नसतात.

बेळगावहून पोचायचं कसं

सगळ्यात सोपी गाडी पुणे–एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस. मिरजेवरून बेळगावला येते, पुढे लोंडा, कॅसलरॉक, घाट उतरून मडगाव, मग कोकण रेल्वेनं कारवार, मंगळूरकडून केरळात. अडचण एकच, आठवड्यातून एकदाच आहे. वार आणि वेळ तिकीट काढतानाच बघा, जुन्या वेळापत्रकावर जाऊ नका. ही गाडी मिळाली तर दूधसागरच्या बाजूची खिडकी मिळवायला भांडलात तरी चालेल.

ती जमली नाही तर बसनं चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटानं गोव्यात उतरा आणि मडगावला मंगला किंवा नेत्रावती पकडा. बस उशिरा पोचली तर गाडी जाते, म्हणून मधे चार तासांची फट ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. विमानानं जायचं तर सांबऱ्याहून बेंगळुरूमार्गे. कोचीचा विमानतळ नेडुंबसेरीला, शहरापासून बराच लांब. फोर्ट कोचीला पोचायला दीड तास धरा.

पाण्याच्या अलीकडचं शहर ते एर्नाकुलम, पलीकडे फोर्ट कोची आणि मट्टांचेरी. उतरायचं स्टेशन एर्नाकुलम जंक्शन, लोक त्याला साऊथ म्हणतात. एर्नाकुलम टाऊन हे नॉर्थ. रिक्षावाल्याला नॉर्थ-साऊथ असंच सांगा.

घरून निघताना कॅम्पातून किंवा खडेबाजारातून एक डबा कुंदा घ्या. ज्यांच्या घरी उतरणार त्यांना द्यायला. आम्ही दिला, तर दुसऱ्या दिवसापासून न्याहारीत दोन पदार्थ वाढले.

राहायचं कुठे

एर्नाकुलममध्ये हॉटेलं स्वस्त आणि भरपूर, पण संध्याकाळचं आणि पहाटेचं फोर्ट कोची त्यात हातातून जातं. तीन रात्री असतील तर तिन्ही फोर्ट कोचीत काढा. गाडी अवेळी पोचत असेल तरच पहिली रात्र साऊथ स्टेशनजवळ.

फोर्ट कोचीत घरोघरी होमस्टे आहेत. खोली घेताना तीनच प्रश्न विचारा: जिना किती उभा आहे, खिडक्यांना जाळी आहे का, आणि बाथरूम खोलीला लागून आहे का. जाळीचा प्रश्न विसरू नका. कोचीचे डास हा विनोदाचा विषय नाही. एकदा एका घरात आम्ही रात्रभर टाळ्या वाजवत बसलो होतो, शेजारच्यांना वाटलं असेल भजन चाललंय.

बोली

हिंदी बऱ्यापैकी चालते. पण आपल्या भागातल्या माणसाच्या हातात एक हुकमी पत्ता आहे, तो म्हणजे कन्नड आकडे. मल्याळममध्ये ओन्नु, रंडु, मून्नु, नालु, अंजु, आरु, एळु, एट्टु, ओंबदु, पत्तु. कन्नड येणाऱ्याला यातलं निम्म्याहून अधिक ऐकताच कळतं, आणि शंभराला दोन्हीकडे नूरुच. "एत्र?" म्हणजे किती. एवढ्यावर भाजी, रिक्षा, मासळी, सगळा व्यवहार होतो. बाकी वाक्यं कन्नडमध्ये बोलायला जाऊ नका, समोरचा गोंधळतो.

मट्टांचेरीच्या चेरळाई भागात गेलात तर आणखी एक गंमत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या छळामुळे गोव्यातून निघालेले गौड सारस्वत इथे येऊन वसले. त्यांचं तिरुमल देवस्थानचं मोठं देऊळ तिथे आहे आणि आजही त्या गल्ल्यांत कोकणी ऐकू येते. आपल्या कानाला ती जरा वेगळी लागते, मल्याळी हेल असतो. पण एका दुकानदारानं मामाला "उदक" हवं का विचारलं, तेव्हा मामा वळून माझ्याकडे बघत राहिला. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडनं मलबारच्या वनस्पतींवर लॅटिनमध्ये बारा खंड काढले. त्या कामाला इथल्या तीन कोकणी वैद्यांनी हातभार लावला होता, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं कोकणीतलं प्रशस्तिपत्र नागरी लिपीत त्यात छापलेलं आहे, सतराव्या शतकात, ॲम्स्टरडॅमला!

त्याच मट्टांचेरीत गुजराती रोड आहे, तमिळ धोबी आहेत, मल्याळम तर आहेच. चार भाषा एका रिक्षास्टँडवर. बेळगावच्या माणसाला पाट्या वाचायची सवय असते, मीही वाचत गेले. पाट्यांवरून कुणी हातघाईवर आलेलं चार दिवसांत तरी दिसलं नाही.

पहिला दिवस पाण्यावरून

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्यानं जाऊ नका. हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रो घ्या. २५ एप्रिल २०२३ ला सुरू झालेली ही सेवा. विजेवर चालणाऱ्या बोटी, वातानुकूलित, मोठ्या काचा, आणि त्या बांधल्या इथल्याच कोचीन शिपयार्डनं. तिकीट २० ते ४० रुपयांत. सरकारी जुन्या फेरीबोटीही बोट जेट्टीवरून सुटतात, त्या आणखी स्वस्त, उघड्या, वाऱ्याच्या. जाताना एकीनं आणि येताना दुसरीनं या. सामान जड असेल तर मेट्रो बरी, धक्का आणि बोट एका पातळीत असतात. मामाचे गुडघे लक्षात घेऊन हे सांगते आहे.

वीस-पंचवीस मिनिटांत सगळं बंदर डोळ्यांसमोरून जातं. एका बाजूला वल्लारपाडमच्या राक्षसी क्रेन, दुसरीकडे विलिंग्डन बेटाचे धक्के. पुढे फोर्ट कोचीची जाळी आणि लाल कौलं. नौदलाचा तळ इथे आहे. आयएनएस विक्रांत याच शहरात बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झाली. त्या बाजूला मोबाइल रोखून फोटो काढू नका, पाटी लावलेली असते.

उतरल्यावर फोर्ट कोची पायी फिरा. अर्धा दिवस पुरतो आणि मी त्यावर फार शाई घालवणार नाही. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची रिकामी कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीतच वारला, इथेच पुरला, मग त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. दगड तेवढा राहिला. चिनी जाळी मात्र नीट बघा, आणि दुरून नको. प्रत्येक जाळं म्हणजे एक तराजूच. एका बाजूला पाण्यावर पसरलेलं जाळं, दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेले मोठाले धोंडे. पाच-सहा माणसं दोर ओढतात, धोंडे एकेक करून खाली येतात आणि जाळं वर उठतं. मामानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "काटाच हाय हा. वजनं दगडाची केल्यात एवढंच." जाळ्यावरची माणसं तुम्हाला दोर ओढायला बोलावतील. जा, मजा येते. पण त्यांना वीस-पन्नास रुपये द्यायचे असतात हे मनात धरूनच जा, नंतर तोंड वाकडं करू नका. मासळी पकडून पोट भरण्याचे दिवस त्यांचेही राहिलेले नाहीत.

दुसरा दिवस: वखारींची वाट

हाच खरा दिवस. सकाळी आठ-साडेआठला निघा. फोर्ट कोचीहून काल्वती रोडनं, पाणी डाव्या हाताला ठेवून, बाजार रोडला लागायचं आणि मट्टांचेरीच्या ज्यू टाऊनपर्यंत चालायचं. अंतर तीनेक किलोमीटर, पण चार तास लागले पाहिजेत. चप्पल चालायची, टोपी किंवा छत्री, पाण्याची बाटली.

सुरुवातीला अॅस्पिनवॉल हाउस लागतं. जॉन अॅस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्यानं १८६७ मध्ये काढलेल्या कंपनीची ही जागा. खोबरेल, मिरं, लाकूड, गवती चहाचं तेल, सुंठ, हळद, काथ्या, पुढे चहा-कॉफी-रबर असा सगळा व्यापार. बिएनालेचं हे पहिल्यापासूनचं मुख्य ठिकाण. जवळच पेपर हाउस. कागदाचं नव्हे हो, मिऱ्याचं. मधे चौक, भोवती दुमजली वखार, वर कौलं. इथे कॅफे आहे, बसायला गार जागा आहे. चित्रकारांना राहून काम करायची सोयही इथे असते. दर आवृत्तीत जागांची यादी बदलते, म्हणून बिएनालेच्या काळात आदल्या दिवशी नकाशा मिळवा.

चित्रं कशी बघायची, असं मला गावात बऱ्याच जणांनी विचारलं. माझा सल्ला: दिवसाला तीनच जागा. प्रत्येक जागी माहिती सांगायला मुलं-मुली उभी असतात, त्यांना बेलाशक विचारा, "हे काय आहे आणि इथेच का ठेवलंय?" यातला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. उत्तर चांगलं मिळालं तर थांबा, नाही मिळालं तर पुढे. सगळं कळलंच पाहिजे असं काही नाही. एका अंधाऱ्या खोलीत सगळे पडद्यावरचं चलच्चित्र बघत होते आणि मामा मान वर करून आढ्याकडे बघत उभा. तुळया कुठून आणल्या असतील, वाळवी कशी लागली नाही, याची चौकशी त्यानं त्या मुलीकडे केली. तिला ठाऊक नव्हतं. तिनं कुणाला तरी फोन लावला.

तिथून पुढे बाजार रोड, आणि इथे चाल मंदावते. दोन्ही बाजूंना जुनी दारं, त्यांतली काही कायमची बंद, काहींच्या जागी कॅफे. पण कितीतरी अजून चालू. ट्रक उभा असतो, फळी लावलेली असते, हमाल पोतं पाठीवर घेऊन वाकून आत जातात. आम्ही एका दारापाशी थांबलो. आत तांदळाची आणि सुंठीची थप्पी लागलेली. मामा बाहेरूनच बघत होता. एक थर आडवा, एक थर उभा, म्हणजे थप्पी ढासळत नाही. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, ओल लागू नये म्हणून. भिंतीपासून हातभर अंतर, माणूस जाऊन बघू शकेल एवढं. "आमीबी असंच लावायचो," तो कुणाला उद्देशून नव्हे, असंच म्हणाला. आतल्या मुकादमानं पाहिलं. मामानं हातानं थप्पीचा आडवा-उभा थर दाखवला, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्या माणसानं काही न बोलता आतून एक मूठ मिरं आणून मामाच्या तळहातावर ठेवलं.

मामानं एक दाणा नखानं दाबला, एक दातांखाली घेतला, बाकीचा वास घेतला. मग मान हलवली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि पंधरा मिनिटं ते बोलत होते.

सगळ्यांना मूठभर मिरं मिळेल असं नाही. चालू वखार ही खाजगी जागा आहे. दारात थांबा, मान लववा, बोलावलं तर आत जा. हातगाडीच्या वाटेत उभं राहू नका. फोटो विचारून काढा आणि माणूस पोतं उचलत असताना तर नकोच. सकाळी अकरापर्यंत कामाची घाई असते, दुपारी बाजार सुस्तावतो.

ज्यू टाऊनच्या अलीकडे सुंठ वाळवायची अंगणं दिसतात. पांढरट सुंठीचा थर उन्हात पसरलेला, कडेला चुन्याची पूड. तिथला वास नाकातून डोक्यात जातो. निपाणीच्या माणसाला ठसका नवीन नाही, पण ह्याची जात वेगळी.

राजवाडा आणि सिनेगॉग एकमेकांना लागून आहेत. राजवाडा पोर्तुगिजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी नंतर डागडुजी केली, आणि नाव पडलं डच पॅलेस. बांधणारा राहिला बाजूला. आत राजाच्या शयनगृहातली रामायणाची भित्तिचित्रं आहेत. ती घाईत बघू नका, भिंतीच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. सिनेगॉग १५६८ चं, घड्याळाचा मनोरा १७६० चा, जमिनीवर चीनहून आणलेल्या हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. १९४८ नंतर इथले बहुतेक ज्यू इस्राएलला गेले. गल्लीला नाव त्यांचं राहिलं, दुकानं आता इतरांची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पायताण बाहेर.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी काय करायचं हे तुमच्या पायांवर सोडते. विलिंग्डन बेटावर बोटीनं जाऊन या. सहाव्या बिएनालेत तिथल्या वखारीही वापरल्या होत्या. रुंद रस्ते, जुनी बंदर-कचेऱ्यांची घरं, मोठाली झाडं, आणि कमालीची शांतता. काल बघितलेल्या बाजार रोडचा धंदा ज्यानं नेला ते हे बेट, आणि आता त्याचाही धंदा वल्लारपाडमनं नेला. एर्नाकुलमला दरबार हॉलमध्ये ललितकला अकादमीची प्रदर्शनं असतात. किंवा सरळ पुन्हा मट्टांचेरीत जा. आम्ही तेच केलं. नवऱ्याला वॉटर मेट्रोत बसून सगळे धक्के फिरायचे होते, तो एकटा फिरला.

खाणं

सकाळी पुट्टू-कडला, म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची आमटी, किंवा अप्पम आणि भाजीचा स्ट्यू. दुपारी 'मील्स' मागा. जाड लालसर मट्टा तांदळाचा भात येतो. पांढरा हवा असेल तर आधी सांगा. चपातीचा हट्ट सोडा. खोबरेलाचा वास दोन दिवसांत सवयीचा होतो. शाकाहारी असाल तर मट्टांचेरीचा गुजराती रोड आणि चेरळाईतली कोकणी खानावळ ही हक्काची ठिकाणं. साध्या हॉटेलांत बीफ सर्रास असतं. नको असेल तर काय कशात आहे हे मागवण्यापूर्वी विचारून घ्या, कुणाला राग येत नाही. मासे खाणाऱ्यांनी करिमीन खावा, काटे सांभाळून. मट्टांचेरीची बिर्याणी दुपारी लवकर संपते, एकनंतर जाऊन हळहळण्यात अर्थ नाही.

टेबलावर गुलाबी कोमट पाणी आलं तर घाबरू नका. मामानं पेला उजेडात धरला आणि म्हणाला, "गंज उतरलाय पाईपाचा." तो गंज नसतो. पतंगीच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पाणी असतं ते, पतिमुगम म्हणतात. उकळलेलं असल्यामुळे पोटाला तेच बरं.

खरेदी आणि रिक्षा

"शंभर रुपयांत सगळी कोची दाखवतो" म्हणणाऱ्या रिक्षात बसू नका. पहिल्या खेपेला आम्ही बसलो. दोन तासांत तीन मोठ्या दुकानांपुढे उतरवलं, आणि प्रत्येक वेळी "घ्यायचं नको, नुसतं बघा." दुकानं त्याला कमिशन देतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, एवढंच भाडं ठरवा.

मसाले ज्यू टाऊनच्या सजवलेल्या टोपल्यांतून घेऊ नका. बाजार रोडवरच्या साध्या दुकानातून, स्थानिक बायका घेतात तिथून घ्या. मिरं घेताना दहा-बारा दाणे पाण्यात टाकून बघा: भरलेलं मिरं बुडतं, पोचट दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात. वेलदोडा हिरवागार दिसतोय म्हणून भुलू नका, एक सोलून आतले दाणे काळे आणि चिकट आहेत का बघा. जायपत्री इथे छान मिळते. केशर इथलं नव्हे, ते घेऊ नका. खरेदी शेवटच्या दिवसावर ढकललीत आणि तो रविवार निघाला तर रिकाम्या हातानं याल.

मामानं एक किलो मिरं घेतलं, ते बायकांच्या मागे उभं राहून, त्यांच्याच भावात. दुकानदार प्लास्टिकच्या पिशवीत भरायला लागला तेव्हा यानं हात धरला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या तागाच्या पोत्याकडे बोट केलं. त्यावर निळ्या शाईत कसलासा छाप होता. दुकानदार हसला, पोत्याचे पैसे घेतले नाहीत. परतीच्या गाडीत मडगावपर्यंत आमच्या डब्यातली माणसं त्या पोत्यात काय आहे विचारत होती. घाट चढताना मामा झोपला होता, पोतं उशाला.